अठरा पट

सभेला येताना स्वेटर आणायचा, हे या घरात कुणाला सांगावं लागत नसे. कारखान्यात बनणारी दाबमापकं जिथे तपासली जात, ती खोली वर्षाचे बाराही महिने वीस अंशांवर ठेवलेली असे. आणि वर्षातून एकदा, थोरल्याचा पगार ठरवायला, सगळं घर त्या खोलीत जमत असे. ही प्रथा कारखाना काढणाऱ्या आप्पांनी घातली तेव्हा कारखान्यात अकरा माणसं होती. तापलेला माणूस चुकीचं मोजतो असं आप्पांचं ठाम मत होतं, म्हणून पगाराचं बोलणं थंड खोलीत. आप्पांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. खोली अजून तशीच थंड होती आणि तिच्या किल्ल्या आप्पांच्या मुलीकडे होत्या.

मुलीला घरात सगळे दशांश म्हणत. ती आठ वर्षांची असताना धाकट्या भावाला ताप आला, आणि किती आहे असं आईने विचारल्यावर हिने ‘अडतीस पूर्णांक चार’ असं सांगून वर ‘पाऱ्याची रेघ जाड आहे, तीनही असेल’ अशी पुस्ती जोडली. ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आता ती बावन्न वर्षांची होती, तपासणी विभागाची प्रमुख होती, आणि भाच्यासुद्धा तिला दशांश आत्या म्हणत. तिची तक्रार नव्हती. ज्याला ताप आला होता तो पंचेचाळिशी उलटूनही घरात धाकटाच होता. त्या मानाने तिचं बरं चाललं होतं.

त्या रविवारी सभा अकराला होती आणि दशांश नऊलाच आली. तपासणीच्या खोलीकडे जायचं तर पॅकिंगचं दालन ओलांडावं लागे. ती आत शिरली तसे डोक्यावरचे दिवे एकेक करून आपोआप लागत गेले, फक्त तिच्यासाठी. मागच्या महिन्यापर्यंत या वेळीसुद्धा इथे दोघंचौघं तरी असत. आता टेबलावर चिकटपट्टीची यंत्रं ओळीने मांडून ठेवली होती आणि खुंट्यांवर धुतलेले ॲप्रन टांगलेले होते. पॅकिंग, साफसफाई आणि मालचढाई मिळून चाळीस जणांना महिन्याभरापूर्वी घरी पाठवलं होतं. जाताना ॲप्रन धुऊन ठेवा, असं त्यांना कुणी सांगितलं असेल असं तिला वाटत नव्हतं.

दालनाच्या टोकाला ताडपत्रीखाली दादाचं, म्हणजे थोरल्या भावाचं, परदेशी यंत्र उभं होतं. मापकांची पितळी खोकी बनवणारं ते यंत्र दादाने मोठ्या हौसेने आणलं, आणि त्याच वर्षी गिऱ्हाइकांनी काट्याची मापकं सोडून आकडे दाखवणारी मागायला सुरुवात केली. दोन वर्षं मागणी उतरतीला लागली होती. यंत्राचा पहिला वाढदिवस ताडपत्रीखालीच झाला.

शुक्रवारी संध्याकाळी दादा स्वतः तिच्या खोलीत आला होता. हातात एक कागद. त्यावर तपासणीतल्या सहा जणांची नावं होती, सगळी अलीकडच्या पाच वर्षांत लागलेली, सगळी तिने शिकवलेली. नक्की काही नाही, सभा होऊ दे, मग बघू, असं तो म्हणाला. जाताना दारात थांबून त्याने सांगितलं की या वर्षी तो स्वतःसाठी काहीही वाढवून मागणार नाही. अठरा होते, अठराच राहतील. त्याच्या चेहऱ्यावर त्याग केल्याचं समाधान होतं आणि दशांशला, खरं सांगायचं तर, त्या क्षणी त्याचं कौतुकच वाटलं होतं.

अठरा म्हणजे अठरा पट. आप्पांना रकमा आवडत नसत. रक्कम दरवर्षी बदलते, प्रमाण बोलतं, असं ते म्हणत. म्हणून त्यांनी एकक ठरवलं होतं: कारखान्यातला सगळ्यात कमी पगार म्हणजे एक. मालकाचा पगार त्याच्या किती पट, एवढंच सभेत ठरायचं. आप्पांनी स्वतः कधी सहाच्या वर घेतले नाहीत. दादाच्या काळात सहाचे नऊ झाले, नवाचे तेरा, आणि मग एक सल्लागार आला, त्याने इतर कारखान्यांचे तक्ते दाखवले, आणि तेराचे अठरा झाले.

दशांश त्या सकाळी लवकर आली होती ती या सहा जणांसाठी. कुठे काटकसर करून त्यांना वाचवता येईल याचं गणित तिला सभेपूर्वी मांडायचं होतं. चहाचा कप बाजूला ठेवून तिने पगारांचा तक्ता उघडला, सगळ्यात खालची ओळ बघितली आणि थबकली. खालच्या ओळीत तिच्याच खोलीतली सगळ्यात नवी मुलगी होती. मागच्या वर्षी त्या ओळीत पॅकिंगमधला माणूस होता. पॅकिंगच उरलं नव्हतं, तेव्हा तळ वर सरकला होता. कारखान्यातला सगळ्यात कमी पगार एका वर्षात चाळीस टक्क्यांनी वाढला होता, आणि एकाही माणसाला पगारवाढ मिळाली नव्हती.

तिने चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. पट्टीच लांब झाली होती. नव्या पट्टीचे अठरा म्हणजे जुन्या पट्टीचे पंचवीस पूर्णांक दोन. दादा काहीही न मागता, त्यागाचं समाधान चेहऱ्यावर घेऊन, जवळजवळ दीडपट पगार घरी नेणार होता. आणि तो वाढला होता तो चाळीस जण गेले म्हणूनच.

आणखी सहा गेले की पट्टी पुन्हा लांब होणार होती. तेवढं तिने मोजलं नाही.

साडेदहाला धाकटा आला, हातात बिस्किटांचा पुडा. तो विक्री सांभाळत असे, म्हणजे सध्या गिऱ्हाइकांची नाराजी सांभाळत असे. तिने त्याला पॅकिंगच्या टेबलाशी गाठून सगळं सांगितलं. धाकट्याला आकडे पटकन कळत. त्याचा प्रश्न कधी आकड्यांचा नव्हताच. तो आधी चिडला, मग दाराकडे बघून हळू आवाजात चिडला. आकडे दाखवणारी मापकं बनवू या म्हणून तो तीन वर्षं दादाच्या मागे लागला होता, तेव्हा त्याला काय ऐकावं लागलं, हे त्याने पुन्हा एकदा ऐकवलं. शेवटी म्हणाला की तो तिच्या बाजूने आहे, पण सभेत त्याने तोंड उघडावं अशी अपेक्षा तिने करू नये. त्याच्या मोठ्या मुलाची नोकरी याच कारखान्यात लागायची होती. चिठ्ठीत मात्र तो काय लिहायचं ते बरोबर लिहील.

काकूचं उलट होतं; तिला तोंड उघडायची भीती नव्हती. काकू म्हणजे आप्पांच्या धाकट्या भावाची बायको. चाळीस वर्षं दातांची डॉक्टर, आता निवृत्त, पण समोरचा बोलायला लागला की अजूनही तिची नजर त्याच्या दाढांकडे जाई. दशांशने तिला पट्टीची गोष्ट सांगितली तेव्हा ती मान डोलावत ऐकत राहिली.

“कीड मुळाशी आहे,” ती म्हणाली. “वरून पांढरंशुभ्र.”

मग आपण दशांशच्याच पाठीशी आहोत, काळजी करू नकोस, असं सांगून तिने बिस्किटांपैकी मऊ कुठली ते विचारलं.

वहिनीशी बोलायला वेळच मिळाला नाही, कारण वहिनी दादाबरोबर आली. आईने जाताना आपले शेअर मुलांना न देता सुनेच्या नावावर केले होते. त्यावरून तेव्हा जे झालं ते झालं. आता ते शिळं झालं होतं. मत मात्र वहिनीचं तिसऱ्या पिढीच्या लग्नकार्यांपासून पगारापर्यंत सगळीकडे मोजलं जाई, आणि ते दादाच्या मतापेक्षा वेगळं कधी निघालं नव्हतं.

पाचही जण लांब टेबलाभोवती बसले. एरवी त्या टेबलावर मापकं उताणी पडलेली असत. आज फक्त पाच कोऱ्या चिठ्ठ्या, एक कप आणि नोंदवही. दादाने घसा साफ केला. तो चांगलं बोलत असे. काळ कठीण आहे, जहाज वादळात आहे, कप्तानाने आधी स्वतःचं ओझं कमी करायचं असतं. म्हणून या वर्षी एकही पट वाढवू नये, अशी त्याची स्वतःची विनंती आहे. धाकटा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होता. वहिनीने नवऱ्याकडे अभिमानाने बघितलं. ते बघून दशांशला पुढचं बोलणं जड गेलं, पण ती बोलली.

तिने आवाज चढवला नाही. तिला तो चढवताच येत नसे; लहानपणी भांडणातसुद्धा ती आकडेच सांगायची. पट्टी कशी लांबली ते तिने तीन वाक्यांत सांगितलं आणि कागद टेबलावर सरकवला.

दादाने तो बघितला. “पण पट तर अठराच आहेत.”

“पट अठरा आहेत. एक मोठा झालाय.”

“मी काही वाढवलेलं नाही, दशांश.”

“वाढलंय एवढंच म्हणतेय मी. किती ते सांगू? माझ्या खोलीतली पाच पूर्णांक चौदा शतांश माणसं.”

मग काकूने चौदा शतांश माणूस म्हणजे साधारण केवढा, असं विचारलं, आणि स्वतःच हिशेब करून सांगितलं की एक पाय, तोही बारीक माणसाचा. धाकट्याला हसू आलं आणि ते त्याने खोकल्यात लपवलं.

दादाचे कान लाल झाले. खोली वीस अंशांवर होती म्हणून तेवढ्यावर भागलं. त्याने सल्लागाराचं नाव घेतलं, नियमांचं नाव घेतलं, आप्पांचंही घेतलं. एकक त्यांनीच ठरवलेलं, त्याने नव्हे. हे खरंच होतं. दशांशने ते मान्य केलं. मग वहिनी पहिल्यांदा बोलली. तिने एवढंच विचारलं की हे त्याला माहीत होतं का.

“माहीत नव्हतं,” दादा म्हणाला. मग कागद उलटा करून ठेवत म्हणाला, “सल्लागार काहीतरी म्हणाला होता की पट तेच ठेवा, तुमचं नुकसान होणार नाही. मी पुढे विचारलं नाही.”

वहिनीने मान खाली घातली आणि शालीचं टोक नीट केलं. ते आधीच नीट होतं.

यावर मतं मागायची नाहीत, चर्चा लांबवायची नाही, हीसुद्धा आप्पांचीच शिस्त. बोलणं झालं की चिठ्ठ्या. प्रत्येकाने आपल्या मते थोरल्याला किती पट मिळावेत तो आकडा लिहायचा, घडी घालून कपात टाकायचा. पाचांपैकी सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा फेकून द्यायचा आणि मधल्या तिघांची सरासरी काढायची. मापकं तपासताना करतात तेच. टोकाची मापं हाताच्या चुकीने येतात, तशी घरात ती रागा-लोभाने येतात, असं आप्पा म्हणत. फेकलेली चिठ्ठी कुणाची, हे विचारायचं नाही.

दशांशने आपला आकडा सकाळीच काढून ठेवला होता. तो तिने लिहिला, दोन दशांश स्थळांपर्यंत. तिला दादाला शिक्षा करायची नव्हती. तिला फक्त पट्टी परत जागेवर आणायची होती. बाकीचे लिहीत असताना तिने वर बघितलं नाही, पण आवाजांवरून तिला एक गोष्ट जाणवली: सगळ्यांचं लिहून फार पटकन झालं.

कप तिच्यापुढे आला. चिठ्ठ्या उघडायचं काम तपासणी प्रमुखाचं.

पहिली चिठ्ठी हिरव्या शाईची. त्या घरात हिरव्या शाईने एकच माणूस लिहीत असे, त्यामुळे चिठ्ठ्यांची गुप्तता त्याच्यापुरती गेली वीस वर्षं नावालाच होती. चिठ्ठीवर शून्य होतं, चांगलं गोल, ठसठशीत.

तिने वाचून दाखवलं. टेबलाभोवती एक हलकी कुजबुज झाली. वहिनीने चमकून दादाकडे पाहिलं. दादाने छताकडे बघितलं, जणू शून्य लिहिणं त्याच्या रोजच्या सवयीचं होतं. त्याच्या मनात काय होतं ते दशांशला ढळढळीत दिसलं. घ्या, मी चोर नाही, हवं तर फुकट काम करतो. आणि ही चिठ्ठी तर टोकाची म्हणून जाणारच.

दुसरी चिठ्ठी. शून्य.

दादाचे डोळे छतावरून खाली आले.

तिसरी चिठ्ठी धाकट्याच्या अक्षरातली, म्हणजे अक्षर बदलण्याच्या धाकट्याच्या प्रयत्नातली. शून्य. हे शून्य थोडं चौकोनी होतं.

चौथी उघडण्यापूर्वी दशांश क्षणभर थांबली. तिला आता काय घडलंय ते कळलं होतं आणि ते आणखी पुढे घडू नये असं तिला वाटलं. चौथीवर शून्य होतं आणि शून्याखाली ठाम रेघ मारलेली होती.

पाचवी तिची स्वतःची.

“बारा पूर्णांक शहाऐंशी,” तिने वाचलं.

मग तिने नियमाप्रमाणे केलं. सगळ्यात लहान, एक शून्य, बाजूला. सगळ्यात मोठी चिठ्ठी बाजूला. ती तिची होती. उरलेली तीन शून्यं तिने ओळीने मांडली. त्यांची सरासरी काढायला तिला कागद लागला नाही.

“शून्य,” ती म्हणाली.

बाहेर पॅकिंगच्या दालनात कुणी फिरत नव्हतं, म्हणून तिथले दिवे एकेक करून विझत गेल्याचं काचेतून दिसलं. धाकट्याने बिस्कीट उचललं आणि परत ठेवलं. दादाने हे पुन्हा करू या, अशा अर्थाचं काहीतरी म्हणायला सुरुवात केली, आणि काकूने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटी आप्पांच्या हातची होती. घेतलेलं माप खोडू नये. उपकरणात दोष दाखवता आला, तरच पुन्हा मोजावं.

“इथे उपकरण म्हणजे आपण,” काकू म्हणाली. “कुणात दोष आहे ते ज्याने त्याने सांगावं.”

दशांशने नोंदवही पुढे ओढली आणि तारीख लिहिली. पेन कागदावर टेकलेलं असताना तिच्या डोक्यात गणित आपोआप झालं, ते तिला थांबवता आलं नाही. दादाचा पगार शून्य धरला तर तिचे सहा जण राहत होते, आणि वर पॅकिंगमधली सोळा माणसं परत आणता येत होती. सोळा. तिने फक्त एक गोल काढायचा होता. नियम तिच्या बाजूने होता, पाटी तिच्या बाजूने होती, आणि चिठ्ठ्या त्यांच्याच हातच्या होत्या. दोन्ही डगरींवर पाय ठेवणाऱ्यांना पाण्यात पडू द्यायचं, एवढंच.

पण हे माप नव्हतं. चौघांपैकी किती जणांनी खरंच शून्य मोजलं होतं? माप म्हणून तिने शिकाऊ मुलीचंसुद्धा असं काही नोंदवून घेतलं नसतं.

मात्र आपण होऊन त्यांची सुटका करायची, हेही तिला पटेना. नोंदवहीत आकड्याआधी एक रकाना होता, दोष असल्यास. तो भरताना विचारायचं असतं, एकदाच.

“कुणाच्या चिठ्ठीत दोष आहे का?” तिने विचारलं. “नसेल तर मी शून्य लिहिते.”

तिने पेन उचललं नाही. कुणी बोललं नसतं तर तिने लिहिलं असतं. हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला माहीत होतं, कारण दशांशने उगाच काही विचारल्याचं त्यांच्यापैकी कुणाला आठवत नव्हतं.

दादा बराच वेळ आपल्या पेनाचं टोपण उघडत आणि लावत बसला. त्याने दोनशे माणसांसमोर तोटा जाहीर केला होता, बँकेच्या साहेबांना डोळ्यात डोळे घालून उत्तरं दिली होती. हे त्याहून छोटं होतं, आणि ते त्याच्या तोंडातून निघत नव्हतं.

“हिरवी माझी,” शेवटी तो म्हणाला.

“ते दिसतंय,” काकू म्हणाली.

“फेकली जाईल असं वाटलं होतं.”

त्यानंतर जे झालं ते दशांशला पुढे अनेक वर्षं आठवून हसू येत असे. वहिनी म्हणाली, “मलाही.” दादाने वळून तिच्याकडे असं पाहिलं की पगाराचं राहू दे, त्याचं वीस-पंचवीस वर्षांचं एक गृहीतक त्याच क्षणी कोसळलं असावं.

“तू शून्य लिहिलंस?”

“अहो, कुणीतरी एकदा तुम्हाला सांगायला हवं होतं,” वहिनी म्हणाली. “पण घरही चालायला हवं. म्हणून फेकली जाईल अशी लिहिली.”

धाकट्याने बुटांकडे बघत आपलाही गुन्हा कबूल केला. त्याला वाटलं होतं की एक शून्य टाकून द्यावं, राग तर निघेल, कुणाच्या खिशाला तोशीस नाही, सुंठीवाचून खोकला जाईल. काकूने मात्र आपल्या चिठ्ठीत काहीही दोष नसल्याचं जाहीर केलं. रेघ मारलेलं शून्य तिचं होतं आणि ते तिने पूर्ण शुद्धीत लिहिलं होतं.

“ज्या वर्षी चाळीस जण घरी गेले त्या वर्षी कप्तानालाही घरी बसल्यासारखं वाटू दे,” ती म्हणाली. “मी अर्धा दात काढत नाही.”

दादा हसला नाही, पण रागावलाही नाही. तो बाजूला काढलेल्या चिठ्ठीकडे बघत होता. बारा पूर्णांक शहाऐंशी. ती कुणाची, हे विचारायचं नसतं. पण दशांश स्थळांनंतर विचारायचं काही उरतही नसतं. त्याने फक्त एवढंच विचारलं की हे म्हणजे प्रत्यक्षात किती होतात.

“गेल्या वर्षी घेतलास तेवढेच. एक पैही कमी नाही.”

“म्हणजे इथे माझ्या बाजूने एकटी तूच होतीस.”

“मी पट्टीच्या बाजूने होते,” दशांश म्हणाली. मग तिला ते फार कोरडं वाटलं असावं. “तुझ्याही.”

दोषाच्या रकान्यात तिने लिहिलं, तीन चिठ्ठ्या फेकल्या जाण्यासाठी लिहिलेल्या. दादाने वाचून सही केली. मग नव्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्या, आणि या वेळी लिहायला वेळ लागला. धाकट्याने एकदा खोडून पुन्हा लिहिलं. वहिनी बोटांवर काहीतरी मोजत होती. कुणाची फी, कुणाचा हप्ता असणार. काकूने तक्रार केली की आता तिला तडजोड करावी लागतेय, कारण एकटं पडलेलं शून्य खरंच फेकलं जाईल. दादाने सगळ्यात शेवटी घडी घातली.

दशांशने वाचलं. बारा. दहा. तेरा. बारा पूर्णांक शहाऐंशी. आणि हिरव्या शाईत नऊ.

तेरा बाजूला गेली. मग तिने नवाला हात घातला आणि दादाचा हात तिच्या हातावर आला.

“ती राहू दे.”

“नियम आहे, दादा.”

“या वेळी मनापासून लिहिलीय.”

“कळतंय मला,” ती म्हणाली, आणि चिठ्ठी हळूच त्याच्या हाताखालून ओढून बाजूला ठेवली.

मधल्या तिघांची सरासरी अकरा पूर्णांक बासष्ट आली. तिने ती नोंदवली, खाली रेघ मारली, आणि मग सहा जणांच्या पगाराशी ताडून बघितली. बसत होते. सहाही बसत होते, थोडी जागा ठेवून. ती हे मोठ्याने बोलली नाही, कागद फक्त दादाकडे फिरवला. त्याने तो दोनदा वाचला, फायलीतून शुक्रवारची यादी काढली, आणि त्या सहा नावांवरून हिरवी रेघ ओढून यादी तिच्याकडे दिली. दशांशने ती घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवली.

सगळे उठायला लागले. धाकटा तर दारापर्यंत पोचलासुद्धा. दादा मात्र बसून होता. त्याचे नऊ धरले असते तर किती फरक पडला असता, हे त्याला हवं होतं. नियमाबाहेरचं गणित करायला दशांशला आवडत नसे, तरी तिने ते केलं. पाचही चिठ्ठ्या धरल्या तर पाव पट कमी.

“म्हणजे?”

“म्हणजे पॅकिंगमधल्या एका माणसाचे चार महिने.”

“तेवढे मी माझ्यातून देतो. चार महिने तर चार महिने. एकाला बोलाव उद्या.” तो उठला, हलकं वाटल्यासारखा, पेन खिशाला लावत.

“कुणाला?” दशांशने विचारलं.

दादाने तोंड उघडलं. सही त्याचीच होती, चाळीसही कागदांवर. पंचवीस वर्षं तो रोज सकाळी त्या दालनातून चालत आपल्या खोलीकडे जात होता आणि रोज सगळे त्याला नमस्कार करत होते. तो उभा राहिला, काचेतून अंधाऱ्या दालनाकडे बघत, आणि एकही नाव त्याच्या तोंडात आलं नाही.

कुणी त्याला सांगितलं नाही. दशांशला त्यातली बरीचशी माहीत होती, पण तीही गप्प राहिली.

दादा पुन्हा खुर्चीवर बसला. त्याने फाइल उघडली, तळाशी गेलेली चाळीसांची यादी काढली आणि पहिलं नाव मोठ्याने वाचलं. मग दुसरं. धाकटा दारातून परत आला आणि आपल्या जागेवर बसला.

“सावकाश वाच,” काकू म्हणाली.